आधी दळा, मग लिहा

'सर्वोत्तम दहा घरघंट्या' अशा मथळ्याचे लेख इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यातले अनेक वाचताना लगेच कळते, लिहिणाऱ्याने यांतल्या एकाही घरघंटीत मूठभर ज्वारीही दळून पाहिलेली नाही. माहितीपत्रकातले आकडे, कंपनीनेच दिलेली छायाचित्रे आणि खाली खरेदीची लिंक. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की लेखकाला कमिशन.

कमिशन घेण्यात गैर काहीच नाही. अ‍ॅमेझॉनने ही सोय १९९६ मध्ये सुरू केली आणि तिच्या जोरावर उत्तम लेखनही उभे राहिले. ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये अमेरिकेत 'वायरकटर' हे संकेतस्थळ काढले. रोज बातम्यांचा रतीब घालण्याऐवजी एकेक वस्तू कसून वापरायची, पारखायची आणि बहुतेकांना चालेल अशी एक ठामपणे सुचवायची, ही त्यांची रीत. कमाई मुख्यतः लिंकच्या कमिशनची. २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सुमारे ३ कोटी डॉलर मोजून ते विकत घेतले. किंमत आली ती केलेल्या पारखीला.

मराठीत अशा लेखनाला केवढी तरी जागा आहे! घरघंटीचेच घ्या. किलोभर ज्वारीला किती मिनिटे लागतात? पीठ किती तापते, भाकरी थापताना चिरते का? थालिपिठाच्या भाजणीसाठी जाळी बदलावी लागते का? फ्लॅटमध्ये पहाटे लावली तर शेजारी उठतील का? मोटर बिघडली तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा मिळतो का? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात. ती दळणाऱ्यालाच मिळतात.

अशी पारख आता इतरही मागतात. गूगलने एप्रिल २०२१ पासून शोधनिकालांत वरवरच्या परीक्षणांपेक्षा सखोल परीक्षणांना झुकते माप देण्याचे धोरण आणले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्टच म्हटले आहे : स्वतः न वापरलेल्या किंवा नीट न तपासलेल्या वस्तूची शिफारस करू नये आणि त्यामागचे आर्थिक हितसंबंध ठळकपणे सांगावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही कमिशनचा उल्लेख बहुधा पानाच्या तळाशी, बारीक इंग्रजीत दडलेला असतो. मराठी वाचकाला तो पहिल्याच परिच्छेदात, मराठीत दिसला पाहिजे. त्यासोबत वस्तू विकत आणली की कंपनीने पाठवली, किती दिवस वापरली, आणि ती कोणी घेऊ नये, हेही यावे. शेवटचे सांगताना एखादी विक्री हातची जाईल. पण पुढच्या खरेदीच्या वेळी वाचक त्याच लेखकाकडे येण्याची शक्यता तिथूनच सुरू होते.