विश्लेषण : हिमस्खलनाच्या उतारावर कुत्रा सोबत नेणे धोक्याचे का?

आल्प्स आणि रॉकी पर्वतरांगांत रिसॉर्टच्या आखीव मार्गांबाहेर स्कीइंगला जाणारे अनेक जण पाळीव कुत्राही सोबत नेतात. बर्फात बागडणाऱ्या कुत्र्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आवडीने पाहिल्या जातात. पण या हौसेची किंमत मालकाइतकीच त्याच्या सोबत्यांनाही मोजावी लागू शकते.

हिमस्खलन कसे होते?

बर्फाच्या कमकुवत थरावर घट्ट थर साचलेला असतो. त्यावर भार पडला की खालचा थर मोडतो आणि वरची लादी घसरते. हे बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडते. माणसे सापडतात अशा सुमारे ९० टक्के घटनांत स्खलन त्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भारानेच सुरू झालेले असते.

कुत्र्यामुळे काय बिघडते?

धोक्याचा उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबायचे, हा साधा नियम आहे. कुत्रा तो पाळत नाही. तो मालकामागे धावतो, मध्येच भरकटतो. मग त्याला आणायला मालकही नको त्या उतारावर जातो.

त्याला बीकन बांधले तर?

स्कीपटू ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे बीकन अंगावर बाळगतात. तेच कुत्र्याला बांधले, तर बर्फाखाली माणूस आहे की कुत्रा, हे शोधणाऱ्याला कळत नाही. गाडल्या गेलेल्याला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. अशा वेळी आधी कुत्रा खणून काढला गेला, तर माणूस जिवाला मुकू शकतो. बीकन नसेल, तर कुत्रा सापडणे कठीण.

बचाव पथकांतही कुत्रे असतातच ना?

असतात, पण ते प्रशिक्षित असतात आणि हाताळणाऱ्याच्या आज्ञेत काम करतात. घरच्या कुत्र्याकडून ती अपेक्षा ठेवणे चूक.

मग काय करावे?

कुत्र्याला न्यायचेच असेल, तर ३० अंशांपेक्षा कमी उताराची आणि वर तीव्र उतार नसलेली जागा निवडावी. त्या दिवसाचा हिमस्खलन इशारा पाहावा. सोबत्यांना आधी विचारावे आणि एकाचाही नकार असेल, तर तो मानावा. तीव्र उतारांवर जायचे असेल, तर कुत्र्याला घरीच ठेवावे. धोका पत्करायचा की नाही हे माणूस ठरवू शकतो. कुत्रा केवळ विश्वासाने मागे येतो.