एक रात्र पाण्यावरची, दोघांची

नवरा-बायकोने दोघांनीच चार दिवस कुठेतरी जाऊन यावे, असे म्हटले की आपल्याकडे अजूनही भुवया उंचावतात. "मुलांचं काय करणार?" हा प्रश्न नवऱ्याला कुणी विचारत नाही, तो बायकोलाच विचारला जातो! तरीही चित्र बदलते आहे. हल्ली तालुक्याच्या गावातली जोडपीही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला व्हिएतनाममधल्या हालाँगच्या उपसागरात जातात आणि एक रात्र बोटीवर मुक्काम करतात.

हालाँग म्हणजे 'खाली उतरलेला ड्रॅगन'. हिरव्या पाण्यातून वर आलेली चुनखडीची दीड हजाराहून जास्त बेटे इथे आहेत. १९९४ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा मान दिला. बोट दुपारी निघते, रात्री बेटांच्या आडोशाला नांगर टाकते आणि दुसऱ्या दिवशी परतते. ताट समोर येते, भांडी घासायची नसतात, पहाटे दूधवाल्याची हाक नसते. संसारात पंचवीस वर्षे काढलेल्या बाईला या एका रात्रीचे मोल काय वाटते, ते पुरुषांना सांगून कळायचे नाही.

अनेक बोटी सुंग सॉट नावाची गुहा दाखवतात. ती डोंगरात उंचावर आहे, पायऱ्या बऱ्याच चढाव्या लागतात. तेव्हा गुडघेदुखी असेल तर आधीच विचार करा आणि साडीबरोबर नव्या चपला घालू नका. आत छतावरून लोंबणारे लवणस्तंभ थेंबाथेंबाने, हजारो वर्षांत तयार झालेत. त्यांना हात लावू नये. हाताच्या तेलकटपणाने त्यांची वाढ खुंटते.

आता थोडे कडू बोलते. फेब्रुवारी २०११ मध्ये याच उपसागरात मुक्कामाची एक बोट पहाटे बुडाली आणि झोपेतच बारा जण गेले. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात दिवसाची एक पर्यटक बोट उलटली. तीसहून अधिक माणसे दगावली. घाबरून घरी बसा असे मी म्हणत नाही. पण आपण बायका साडी घेताना दहा दुकाने फिरतो आणि सहलीच्या वेळी मात्र "हे बघतील काय ते" म्हणून मोकळ्या होतो. हे बरे नाही! लाइफ जॅकेट खोलीत कुठे आहे, बाहेर पडायची वाट कोणती, हवामान बिघडले तर पैसे परत मिळतात का, हे आपणही विचारायला हवे. जॅकेट घालून फोटो चांगला येत नाही, ही सबब तर नकोच.

आणखी एक. छोट्या होडीतून फिरवणारे वल्हे तिथे पुष्कळदा बाईच्याच हाती असते. इथे पाण्यावर तरंगणारी कोळ्यांची गावे होती. २०१४ च्या सुमारास त्यातल्या बऱ्याच कुटुंबांना सरकारने किनाऱ्यावर वसवले. त्यांच्यातल्याच काही बायका आता पर्यटकांसाठी वल्ही मारायला येतात. आपली सुट्टी तो तिच्या कामाचा दिवस असतो. उतरताना तिच्या हातावर चार पैसे ठेवावेत, तिच्याकडे बघून हसावे. भाषा येत नसली तरी ते तिला कळते.

तेव्हा मैत्रिणींनो, जरूर जा. हालाँग नाही परवडले तर जवळचे ठिकाण पाहा. पण कुठे जायचे, किती खर्च करायचा, कशात बसायचे हे दोघांनी मिळून ठरवा. सहल दोघांची, तर निर्णयही दोघांचा असायला हवा.