गल्लीतली केबल
अंबाजोगाईत या आठवड्यात विजेच्या खांबावर पत्र्याचा एक डबा लोंबकळताना दिसला. टीव्हीच्या काळ्या केबलवरून इंटरनेट देणाऱ्यांचा तो ॲम्प्लिफायर. घरात इन्व्हर्टर असूनही नेट का जातं, याचं उत्तर त्या डब्यात आहे. तांब्याच्या केबलमध्ये सिग्नल जसा लांब जाईल तसा मंदावतो, तो वाढवायला वाटेत वीज लागते, आणि परळीत औष्णिक केंद्र असलेल्या आपल्या जिल्ह्यातही लाइट जातेच. त्यात एकाच केबलवर अख्खी गल्ली. रात्री आठला सगळे बसले की वेगही बसला. म्हणून माझं मत साफ आहे: हे जुनं कनेक्शन नको, फायबर घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, गल्लीतल्या वाटेवर सहसा वीज लागत नाही. घरातल्या राउटरला छोटी बॅटरी लावली की भागतं. 2023 पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या किमान 2 एमबीपीएस आहे, पण आपल्याला वेगापेक्षा टिकाऊपणा हवा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले आईबाप कोपीवरून व्हिडिओ कॉल लावतात, तेव्हा आजीजवळ राहिलेल्या लेकराला ती पाच मिनिटं सलग मिळालीच पाहिजेत. रस्ता खोदला की फायबरही तुटतं, हे खरंच. म्हणून पैसे भरण्याआधी तार जोडणारा माणूस गावातच राहतो का, एवढं विचारा.