इंजिनाची ताकद : मापून द्या, सांगून द्या

बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस या पट्ट्यात ज्याच्याकडे पंधरा-वीस वर्षे चाललेला टर्बो ट्रक किंवा जुनी डिझेल जीप आहे, त्याची तक्रार ठरलेली असते : गाडी ओढत नाही. मालक गॅरेजवर जातो आणि म्हणतो, "उस्ताद, थोडा दम बढा दो." उस्ताद डिझेल पंपाचा स्क्रू फिरवतात, गाडी चढावर पळते, मालक खूश होऊन मजुरी देतो. गॅरेज लाइनीत आपले अनेक बांधव आहेत आणि आम्हा दुकानदारांचा मालही याच गाड्यांतून येतो. म्हणून या स्क्रूविषयी चार शब्द लिहिणे आम्हास जरुरीचे वाटते.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियरने 1905 साली याचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरवायचे, त्याच दांडीवरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त गेली की जास्त डिझेल जळते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. टाटाचे 697 इंजिन आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर म्हणून ते 697. हेच इंजिन साधेही आले आणि टर्बो लावूनही आले. 1998 साली आलेल्या सफारी गाडीत दोन लिटरहून लहान इंजिन होते. एवढी जड गाडी ते ओढू शकले ते टर्बोच्या जोरावरच.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताकद हवा आणि डिझेल यांच्या हिशेबातून येते. स्क्रू फिरवला की डिझेल वाढते, हवा वाढत नाही. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन निघते. लोक त्या धुरालाच दम समजतात. तो मालकाच्या खिशातून उडालेला पैसा असतो. शिवाय धुराची उष्णता वाढते. पिस्टनचा माथा वितळतो, हेड गॅस्केट उडते, टर्बोची पाती आणि बेअरिंग जातात. मिनिटाला लाखभर फेरे घेणारी ती दांडी तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. गरम इंजिन एकदम बंद केले तर ते तेल तिथेच जळून कोळसा होते. म्हणून गाडी थांबवल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे. ही गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला सांगणे उस्तादांचे काम आहे.

आमच्या भागाची दोन दुखणी

चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा सगळ्या देशाला माहीत आहे. पारा 45 वर गेला की हवा विरळ होते. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांच्या तेवढ्याच हवेत वजनाने सुमारे नऊ टक्के घट येते. टर्बोने दाबल्यावर ती आणखी तापून शंभर अंशांच्या सहज वर जाते. ती थंड करण्यासाठीच इंटरकूलर असतो. 140 अंशांची हवा 70 अंशांवर आणली तर त्याच जागेत पाचव्या हिश्शाने जास्त हवा मावते. पण इंटरकूलरच्या जाळ्या धुळीने बुजलेल्या आणि रबरी पाइप फाटलेले असतील तर पंप कितीही वाढवला तरी फायदा काय?

दुसरे दुखणे कोळशाच्या आणि खाणीच्या धुळीचे. वेकोलिच्या खाणींचे रस्ते, सिमेंट कारखान्यांचे रस्ते आणि 2021 पासून पुन्हा सुरू झालेल्या सुरजागडच्या लोहखनिजाचे रस्ते, सगळीकडे धूळच धूळ. एअर फिल्टर भरला की इंजिनाचा श्वास कोंडतो. फिल्टर फाटका असला की तीच धूळ टर्बोची पाती झिजवते.

आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीला बहुतेक वेळा नव्या ताकदीची गरजच नसते. कंपनीने दिलेली आणि वापरात हरवलेली ताकद परत मिळाली तरी पुरे. त्याचा क्रम आहे. आधी फिल्टर आणि हवेचे पाइप पाहावेत, सायलेन्सर तुंबला आहे का, ब्रेक धरून राहतात का, क्लच घसरतो का ते पाहावे. मग टॅपेट, कॉम्प्रेशन, टर्बोच्या दांडीचा खेळ. मग नोझल मशीनवर तपासावेत. शेवटी पंप टेस्ट बेंचवर चढवून प्रत्येक सिलिंडरला सारखे डिझेल जाते की नाही ते मोजावे आणि टायमिंग बसवावे. टर्बो गाडीच्या पंपावर हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल सोडणारा डायफ्राम असतो. तो फाटला असेल तर पूर्ण दाब येऊनही डिझेल कमीच सुटते. एवढे केल्यावर गाडी ओढत नाही असे क्वचितच होईल.

कायदा आणि ओझे

दम कशासाठी हवा, हेही विचारले पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर एकच : जास्त माल. दोन एक्सलच्या ट्रकचे मालासह एकूण वजन 2018 साली 16.2 टनांवरून 18.5 टन झाले. त्यावर माल भरला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे वीस हजार रुपये आणि दर जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. पाच टन जास्त म्हणजे तीस हजार, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. शिवाय कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा, परवानगी नसलेला फेरफार मालकाने गाडीत केला तर दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आणि दंड भरूनही न सुटणारी बाब अशी की इंजिनाची ताकद वाढली तरी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर तेवढेच राहतात. उतारावर स्क्रू कामाला येत नाही. समोरून सायकलवर येणाऱ्या मजुराचा जीव आपल्या दमापेक्षा मोठा आहे.

आता इमानाची बाब. आम्ही कपडा विकणारे लोक. मीटरपट्टी धरताना हात किती सैल, किती ताठ, याची जबाबदारी आमच्यावर असते. थानात डाग असेल तर तो दाखवून विकावा लागतो. ऐब लपवून घेतलेल्या पैशात बरकत नसते. कुरआनमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांविषयीच आहे. मग न मोजता दिलेली ताकद कोणत्या मापात बसते? पंप वाढवलेली गाडी विकताना खरेदीदाराला ते सांगितले नाही, तर तो ऐब लपवणेच झाले. गाडी सहा महिन्यांनी बसते, घेणारा कर्जात बुडतो, आणि नाव खराब होते ते उस्तादांचे.

म्हणून गॅरेजवाल्या बांधवांना आमची विनंती अशी. काय केले, पंपाचे माप किती ठेवले, कोणता भाग बदलला, हे साध्या पावतीवर लिहून द्या. एक प्रत मालकाकडे, एक आपल्या फाइलीत. एका स्क्रूची मजुरी ती किती? पण वर सांगितलेले काम दोन दिवसांचे आहे, त्याची मजुरी हक्काने मागता येते. बेंचचा खर्च एकट्याला झेपत नसेल तर तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीत घ्यावा. मालकांनीही घासाघीस करताना हे ध्यानात ठेवावे.

आणि शागिर्दांची काळजी करा. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सहा गाड्याच नव्याने विकल्या जातात. त्यांच्यात डिझेल कॉम्प्युटर सोडतो, तिथे स्क्रू नाही. तिथेही कॉम्प्युटरची नोंद बदलून दम वाढवण्याचा, धूर साफ करणारी यंत्रणा बंद करण्याचा मोह येणारच. जो मुलगा आज हवा-डिझेलचा हिशेब गेज लावून शिकेल, तो उद्या स्कॅनरही वाचू शकेल. त्याला आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल ट्रेडला घाला, संध्याकाळी गॅरेजवर हात काळे करू द्या. उस्तादांचा हात आणि सरकारी कागद, दोन्ही एकाच मुलाकडे आले तर त्याची रोजी जुन्या इंजिनाबरोबर भंगारात जाणार नाही.