तळं खाजगी की सार्वजनिक?

जहाज विकलं जातं तेव्हा त्यावरच्या खलाशाला कुणी विचारत नाही. धक्क्यावरच्या हमालाला तर नाहीच नाही. मी गोदीत ठेक्यावर राबतो. जहाज लागलं की आधी त्याचं नाव वाचायची मला खोड आहे. कित्येकदा नव्या नावाच्या रंगाखाली जुन्या नावाची अक्षरं उठून दिसतात. समजायचं, मधल्या काळात मालक बदलला. बाकी गंज तोच, माल तोच, खाली वाकलेली पाठ तीच.

ट्विटरचं तसंच झालं. जुलै २०२३ मध्ये निळी चिमणी पुसली आणि तिथं एक्स हे एक अक्षर रंगवलं. आमच्या वस्तीतली पोरं अजून ट्विटरच म्हणतात. मीही तेच म्हणणार.

आता तुम्ही म्हणाल, दोस्ता, तू दहावी पास, गोदीत पोती उचलणारा, रात्री कविता लिहिणारा. अमेरिकेतल्या एका अब्जाधीशानं एक कंपनी घेतली, त्याचं तुला काय सुतक? सुतक नाही. पण त्या साऱ्या सौद्यात एक प्रश्न कोर्टात कुणी विचारलाच नाही. आणि तो प्रश्न आपल्या बापजाद्यांनी कोर्टात दहा वर्षं लढवलेला आहे. म्हणून लिहितोय.

आधी सौदा समजून घेऊ.

इलॉन मस्कनं ३१ जानेवारी २०२२ पासून ट्विटरचे शेअर गुपचूप उचलायला सुरुवात केली. हिस्सा पाच टक्क्यांच्या वर गेला की तिथल्या कायद्याप्रमाणे ठरल्या दिवसांत जाहीर करावं लागतं. ती मुदत मार्चमध्येच संपली. या गृहस्थानं जाहीर केलं ४ एप्रिलला, नऊ टक्क्यांच्या वर गेल्यावर. उशीर केला म्हणून शेअर स्वस्तात पडले आणि त्यात किमान १५ कोटी डॉलर वाचवले, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या शेअरबाजार नियंत्रकांनी जानेवारी २०२५ मध्ये त्याच्यावर खटला भरला. आमच्यातल्या एखाद्यानं फाटक्या पोत्यातून सांडलेले मूठभर तांदूळ उचलले तर त्याची झडती गेटवरच होते. इथे झडतीला तीन वर्षं लागली.

कंपनीनं त्याला संचालक मंडळावर जागा देऊ केली. आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला. १४ एप्रिलला त्यानं सगळी कंपनीच मागितली. शेअरला ५४.२० डॉलर भाव. दुसऱ्याच दिवशी मंडळानं अडसर घातला : कुणी परवानगीशिवाय पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर बाकीच्या भागधारकांना स्वस्तात शेअर देऊ, म्हणजे याचा हिस्सा पातळ होईल. दहा दिवसांत अडसर गळून पडला. २५ एप्रिलला करार झाला. एकूण सुमारे ४४०० कोटी डॉलर, म्हणजे साडेतीन लाख कोटी रुपयांच्या आसपास.

मग साहेबांचं मन फिरलं. १३ मेला म्हणाला, सौदा तूर्त थांबलाय, खोटी खाती पाच टक्क्यांहून कमी आहेत हे आधी दाखवा. जुलैमध्ये म्हणाला, सौदा मोडला. च्यायला, गोदीतलं काल आलेलं पोरगंही सांगेल : पेटी न उघडता, माल न तपासता उचलायचं तूच कबूल केलंस, तपासणीचा हक्क तूच सोडलास, पावतीवर सही केलीस, आता आत काय निघालं म्हणून बोंबलतोस कशाला? कंपनी डेलावेअरच्या कोर्टात गेली. १७ ऑक्टोबरला सुनावणी लागली होती. ती व्हायच्या आत त्यानं मान तुकवली आणि २७ ऑक्टोबर २०२२ ला ठरल्या भावानं कंपनी घेतली.

त्या ४४०० कोटींत १३०० कोटी डॉलर बँकांचं कर्ज. आणि हे कर्ज मस्कच्या डोक्यावर नाही, खुद्द कंपनीच्या डोक्यावर. आपल्याला ही रीत नवी नाही. सावकाराकडं सालावर राहिलेला माणूस असाच असायचा. गहाण पडलेला तोच, आणि कर्जही त्याच्याच नावावर.

सौदा पुरा व्हायच्या आदल्या दिवशी मस्क हातात एक बेसिन घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरीत शिरला. इंग्रजी शब्दावरची काही तरी कोटी होती. जगभर हसू झालं. नंतर काय झालं त्यावर मात्र फार कुणी बोललं नाही. ४ नोव्हेंबरला साडेसात हजारांतल्या जवळजवळ निम्म्या नोकरदारांना घरी बसवलं. त्यांचा बोभाटा झाला, कारण ते लिहितात, बोलतात, त्यांना ओळखणारे आहेत. डिसेंबरमध्ये पाळी आली त्याच कचेरीतल्या सफाई कामगारांची. ते ठेकेदाराचे. कंपनीनं ठेकाच तोडला आणि ते कामगार हातात फलक घेऊन फुटपाथवर उभे राहिले. पुढं बातम्या आल्या की संडास घाण झालेत, आणि लोक घरून कागद घेऊन कामावर येतायत. बेसिन मिरवणाऱ्याचा फोटो जगानं पाहिला. बेसिन घासणाऱ्याचा किती जणांनी पाहिला? मी ठेक्यावरचा माणूस आहे. ठेका तुटणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. सकाळी गेटवर गेलं की मुकादम तुमच्या तोंडाकडं न बघता बोलतो. तेवढ्यावरून कळतं.

आता त्या प्रश्नाकडं या.

ट्विटर म्हणजे साऱ्या जगाच्या गावचा चौक आहे, असं मस्क स्वतःच सांगत होता. चौकात सगळ्यांना बोलता आलं पाहिजे, म्हणून आपण तो विकत घेतोय, असं त्याचं म्हणणं. नीट ऐका दोस्तांनो. चौक सगळ्यांचा आहे म्हणून तो एकट्यानं विकत घ्यायचा!

डेलावेअरच्या कोर्टात भांडण कशाचं होतं? घेणाऱ्यानं ठरल्या भावात घ्यायचं की नाही, एवढंच. विकणाऱ्याला भाव पाहिजे होता, घेणाऱ्याला सुटका पाहिजे होती. चौक मुळात विकता येतो का, हे त्या कोर्टापुढं आलंच नाही. तिथं रोज बोलणाऱ्या कोट्यवधींतल्या एकालाही पक्षकार म्हणून उभं राहता येत नव्हतं. ते भाडेकरूसुद्धा नव्हते.

आता महाडला चला. चवदार तळ्याचं पाणी आपण २० मार्च १९२७ ला प्यायलो, हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे. पण त्यानंतरचं कोर्ट आपण विसरतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या स्पृश्यांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. त्यांचं म्हणणं काय? तळं सार्वजनिक नाहीच, ते आम्हा स्पृश्यांच्या खाजगी मालकीचं आहे, वहिवाट पूर्वापारची आहे. जनावरं पाणी पीत होती, परधर्माचे लोक पीत होते, पण आपला हात लागला तेव्हा तळं एकाएकी खाजगी झालं. बाबासाहेब हा दावा दहा वर्षं लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं स्पृश्यांचं अपील फेटाळलं. तळ्यावरचा आपला हक्क कुणाच्या दयेनं आलेला नाही. तळं नगरपालिकेचं होतं, कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता. म्हणून हक्क सांगता आला. ओंजळ पाण्यात गेली ती हक्कानं गेली.

ट्विटरवर आपली ओंजळ कुठल्या हक्कानं गेली? कुठल्याच नाही. मालकानं पिऊ दिलं म्हणून प्यायलो.

जुना मालक चांगला होता, असं रडणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी दिल्लीत आला. एका दलित कार्यकर्तीनं केलेलं ब्राह्मणी पितृसत्ता मोडून टाका असं पोस्टर त्याच्या हातात दिलं गेलं, फोटो निघाला. वरच्या जातींनी ओरडा केला, आणि ते आमचं मत नाही म्हणत कंपनीच्या बड्या अधिकारी बाईंनी माफी मागितली. माफी कुणाची? पोस्टर बघून ज्यांचं पोट दुखलं त्यांची. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पत्रकार दिलीप मंडल यांचं खातं बंद झालं तेव्हा आपल्या पोरांनी निळ्या टिकेवरून रान उठवलं. आमच्या माणसांना ती टिक का मिळत नाही, कुणाच्या ओळखीनं मिळते, हे उघड विचारलं. तेव्हा जुन्या मालकाच्या काळातही काठावरच उभे होतो आपण.

यावर माझा एक दोस्त म्हणतो, मग मस्कनं बरंच केलं की! ओळखीची टिक गेली, आता पैसे टाका आणि घ्या. सगळ्यांना सारखा भाव. दोस्ता, भाव सारखा म्हणजे समता नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती टिक भारतात आली तेव्हा मोबाइलवर तिचा महिन्याचा दर ९०० रुपये होता. माझ्या एका पाळीच्या मजुरीहून जास्त. ज्यानं भरले त्याचं बोलणं वर, ज्यानं नाही भरले त्याचं खाली. जातीच्या पायरीवर पैशाची पायरी बसवली, आणि रंग मात्र आपला निळा!

आणि सगळ्यांना बोलू देण्याचं काय झालं? १५ डिसेंबर २०२२ ला, मालक होऊन दोन महिने व्हायच्या आत, त्याच्या विमानाच्या बातमीवरून त्यानं काही पत्रकारांची खाती बंद केली. दोन दिवसांत त्यांतली बरीच पुन्हा चालू केली. बंद करणाराही तोच, चालू करणाराही तोच. म्हणजे मस्क वाईट आणि डॉर्सी बरा, किंवा उलट, हा वादच फुकटचा. तळ्याची किल्ली एकाच्या कमरेला असली की पाणी कधी मिळेल ते त्याच्या मर्जीवर.

मार्च २०२५ मध्ये मस्कनं ही कंपनी आपल्याच एक्सएआय या दुसऱ्या कंपनीला विकली. या खिशातून त्या खिशात. ही दुसरी कंपनी बोलणारी यंत्रं बनवते, आणि त्या यंत्रांना शिकवायला लोकांनी लिहिलेलं वापरते. माझ्या दोन कविता तिथं पडलेल्या आहेत. आईवरची एक, गोदीतल्या अपघातावरची एक. त्याही त्या पेटीत गेल्या असतील. इतके दिवस मला वाटायचं, आपण फक्त हमाल. आता कळलं, मालही आपणच.

मग काय करायचं? तिथून निघून जा, असं मी सांगणार नाही. अत्याचाराची बातमी दाबली जाते तेव्हा तिथूनच ती चार राज्यांत पोचते, हे मी पाहिलंय. वापरा. दाबून वापरा. पण घर समजू नका. तिथं लिहिलेल्या ओळीची एक प्रत आपल्या वहीत ठेवा, एक आपल्या अंकात छापा. आणि मागणी करायची तर मालक बदलायची करू नका, मालकीच बदलायची करा. जिथं कोट्यवधी लोक बोलतात त्या जागेवर बोलणाऱ्यांचा कायद्यानं हक्क पाहिजे. खातं बंद करायचं तर कारण दिलं पाहिजे, दाद मागायला जागा पाहिजे, आणि जागा विकायची तर त्यांना विचारलं पाहिजे. हे कोर्टात मागा, विधानसभेत मागा, रस्त्यावर मागा.

मस्कनं पहिला शेअर उचलला तो दिवस ३१ जानेवारी. आपल्याला हा दिवस दुसऱ्याच कारणानं माहीत आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. तेव्हाही मोठा चौक खाजगीच होता. बाबासाहेब त्याच्या दारात बसून राहिले नाहीत, त्यांनी स्वतःचा कागद काढला. आणि म्हणून सात वर्षांनी तळ्यावर गेलेत तेव्हा त्यांच्यामागं हजारो माणसं होती.

आपला हा अंक किती जण वाचतात, मोजून सांगता येईल. पण उद्या सकाळी कुणी अब्जाधीश तो विकत घेऊ शकत नाही. वर्गणी थकली असेल तर भरा.