मीटर लावल्याशिवाय डायनमोला हात लावू देऊ नका



आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरचं लिहितोय. ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आलाय आणि वायरिंगच्या दुकानांपुढं ट्रॅक्टर उभे राहायला लागलेत. तक्रार एकच, बॅटरी उतरते. औषधही एकच, "३६ अँपिअरचा डायनमो काढा, ६५ चा टाका." सल्ला फुकट मिळतो, डायनमो विकत घ्यावा लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की यातले बरेच डायनमो विनाकारण बदलले जातात, आणि मोठा बसवूनही दुखणं जागच्या जागी राहतं.

आधी नाव नीट करू. आपण डायनमो म्हणतो तो आता अल्टरनेटर असतो. हा फरक नुसता नावाचा नाही. जुन्या डायनमोच्या काळातली एक खोड अजून चालू आहे. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन बंद पडतं का बघायचं. डिझेल इंजिन बॅटरी काढल्यानं सहसा बंद पडतच नाही, त्यामुळं कळत काही नाही. उलट बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड जातात. दुसरी खोड, मागच्या टर्मिनलला पाना लावून बॉडीला ठिणगी पाडायची. ठिणगी दिसली म्हणजे चार्जिंग आहे असं नाही, कारण ती वायर सरळ बॅटरीकडून येते. ठिणगी बॅटरीची असते. चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मारायचा आणि मग "गेलाय, नवीन टाका" म्हणायचं, याला दुरुस्ती म्हणायची का?

आता हिशोब करा. दोन हेडलाइट ५५-५५ वॅटचे, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास. मागचे दिवे, इंडिकेटर, मीटरचे दिवे मिळून ३-४ धरा. वरून १८ वॅटचे चार एलईडी लावले तर आणखी ६. बेरीज २० च्या आत. ३६ चा अल्टरनेटर धडधाकट असेल तर कामाच्या स्पीडला एवढं ओढून बॅटरीही भरतो. मग बॅटरी उतरते कशानं?

गेल्या हंगामात आमच्या शिवारातल्या तीन ट्रॅक्टरांना मी मीटर लावून बघितला. तिघांनाही मोठा डायनमो सांगितला होता. एकाची अर्थिंगची पट्टी चेसिसला गंजली होती. पॉलिश पेपरनं घासली, नट आवळला, काम झालं. दुसऱ्याचा पट्टा ढिला होता, लोड आला की पुलीवर घसरायचा. तिसऱ्याचा डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा छोटा बल्ब उडाला होता. तो बल्ब शोभेचा नाही. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून जातो. बल्ब गेला की अल्टरनेटर जागाच होत नाही. तिथं ६५ काय, १०० चा बसवला तरी तोही झोपूनच राहणार.

पाइपलाइनचा जॉइंट गळत असताना आपण विहिरीवरची मोटार बदलतो का? मग इथं का बदलतो?

साधा डिजिटल मीटर काहीशे रुपयांत मिळतो. दहा मिनिटांचं काम आहे :

१) ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना सकाळी बॅटरीवर मोजा. १२.६ च्या आसपास हवं. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी.

२) इंजिन १५०० आरपीएमला ठेवून बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.४ हवं. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब, बॅटरीचं पाणी उकळणार.

३) तसंच इंजिन चालू ठेवून सगळे दिवे लावा. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलला, दुसरी बॅटरीच्या प्लसला. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. कुठंही ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायर, थिंबल किंवा अर्थिंगचा.

आणि पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण अर्धा इंच दबावा, जास्त नको. चालू इंजिनवर नाही, बंद करून.

यातून अल्टरनेटरच खराब निघाला तरी लगेच नवा नको. कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोडची प्लेट हे सगळं सुटं मिळतं. चिखलणी आणि मळणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरमध्ये चिखल नि भुसा बसतो, हवा खेळत नाही, तापून मरतो. वॉशिंगला प्रेशरचं पाणी थेट त्यावर मारू देऊ नका. ट्रॉलीचं वेल्डिंग करताना ती ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, इंजिन बंद करून.

मोठ्या अल्टरनेटरला माझा विरोध नाही. एसी केबिन आहे, फवारणीचे इलेक्ट्रिक पंप आहेत, रात्रभर कामाचे दिवे लागतात, तर जरूर बसवा. पण मग वायर जुनी ठेवू नका. ती ३६ च्या मापाची असते. ६५ ला १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका, बॅटरीजवळ फ्यूज द्या, पुली त्याच मापाची आणि पट्ट्याच्या रेषेत ठेवा. बारीक वायरीतून मोठा करंट ओढला की ती तापते, आणि ट्रॅक्टर पेटतो तो असाच. हेही ध्यानात घ्या की ६५ अँपिअर पूर्ण ओढले तर इंजिनाची जवळपास दोन एचपी तिकडं जाते. ते डिझेल तुमच्या टाकीतलं असतं.

आता पोरांना राग येईल असं बोलतो. गाण्याचा ५०० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण आवाजात एकटा ४० अँपिअर मागतो. त्याच्यासाठी नवा डायनमो, नवी बॅटरी, सगळं येतं. आणि त्याच ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांना ५ वॅटचा लाल दिवा नसतो. ट्रेलरमागं लाल रिफ्लेक्टर हवेत हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते तेव्हा आपल्या डायनमोचे अँपिअर कोण मोजत नाही. आधी तो दिवा लावा. त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही.

कृषी खात्यातली साहेब मंडळीही हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंत की आता पाठ झालंय, आणि ते बरोबरच आहे. तोच नियम यंत्राला लावा. अवजारांच्या प्रशिक्षणात एक तास मल्टिमीटरचा ठेवा.

"पेरणीच्या घाईत कोण मोजत बसणार" असं काही जण म्हणतील. नवा डायनमो टाकून चार दिवसांनी परत दुकानापुढं उभं राहायला मात्र वेळ मिळतो.

दुकानदाराशी भांडू नका. एवढंच म्हणा, "जुना काढायच्या आधीचे तीन आकडे बिलावर लिहून द्या : उभ्या ट्रॅक्टरचं व्होल्टेज, चालू इंजिनचं व्होल्टेज आणि वायरीतली तूट." जो लिहून देईल त्याच्याकडं बिनधास्त काम करा. जो देणार नाही, त्याच्या दारातून ट्रॅक्टर बाहेर काढा.