मुक्ताई कोणी आयात केली?

सुरतेत पर्वत पाटियाला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी मराठी पुस्तकांवर बोलणं होतं. दहा-बारा माणसं जमतात, बहुतेक खानदेशातली. गेल्या बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला. जादुई वास्तववाद ही दक्षिण अमेरिकेतून आलेली चूष आहे. चादरींसकट आभाळात उडून जाणाऱ्या बाया हे पोट भरलेल्यांचं वाचन, रात्रपाळी करणाऱ्याला त्याचं काय? परदेशी नावं धड उच्चारता येत नाहीत, अनुवादात काही उरत नाही. तेव्हा आधी आपलं वाचा, जग मग बघू. दोघातिघांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी गप्प बसले. ते मला अजून सलतं आहे, म्हणून हे लिहिते.

उच्चाराचं आधी उरकते. मार्केस म्हणता येत नसेल तर चुकीचं म्हणा, पण वाचा. अनुवादाबद्दल एवढंच, की याच सुरत-भुसावळ लाइनवरच्या अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी तमिळ 'कुरल' मराठीत आणला. त्यात काही उरणार नाही असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता 'आयाती'चं. मुळात 'जादुई वास्तववाद' हा शब्दच दक्षिण अमेरिकेतला नाही. फ्रांत्स रो या जर्मन समीक्षकाने १९२५ मध्ये तो वापरला, तोही चित्रांबद्दल. क्युबाच्या आलेहो कार्पेन्तिएरने १९४९ मध्ये कादंबरीच्या प्रस्तावनेत आपल्या भूमीतल्या अद्भुताची गोष्ट मांडली, ती हैतीत जाऊन आल्यावर. आणि कोलंबियाचा गाब्रिएल गार्सिया मार्केस? विद्यार्थी असताना त्याने काफ्का वाचला. माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन, हे इतक्या सरळ लिहिता येतं हे पाहून त्याला अराकाताकातली आजी आठवली. ती भुताखेतांच्या गोष्टी याच थंड सुरात सांगायची. म्हणजे ज्याला आपण या सगळ्याचा मूळपुरुष समजतो, त्याला स्वतःच्या आजीची भाषा प्रागमधल्या एका लेखकाने परत दिली. 'आधी आपलं, मग जग' हा क्रम त्याने पाळला असता, तर १९६७ ची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही कादंबरी तशी लिहिली गेली असती असं मला वाटत नाही.

पण कोलंबियापर्यंत जायचं कशाला? आमचे हे गृहस्थ राहतात तिथून भरूच गाडीने तासाभरावर. मराठीचा आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र', १२७८ च्या सुमाराचा. त्याचे नायक श्रीचक्रधर मूळचे भरूचचे, प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. ते वारतात, आणि द्वारावतीच्या चांगदेव राऊळांचा जीव त्या देहात शिरतो. मेलेला माणूस उठून घरी येतो. पुढे काय होतं? तो जुगारात हरतो, बायको दागिने द्यायला नाही म्हणते, आणि तो रामटेकच्या यात्रेला निघतो. परकायाप्रवेश आणि दागिन्यांवरून नवराबायकोचा खटका एकाच दमात, एकाच आवाजात. म्हाइंभटांनी शिष्यांच्या आठवणी गोळा करून हे लिहिलं, छोट्या छोट्या वाक्यांत, कुठेही आवाज न चढवता. मराठी गद्य जन्मलं तेच असं. मग आयात कोणी काय केलं?

दुसरे चांगदेव, वाघावर बसून ज्ञानदेवांना भेटायला निघालेले, आमच्या गावाकडचे. त्यांच्या नावाचं गाव आणि देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. माझ्या आईचं माहेर त्याच तालुक्यात. पूर्वी एदलाबाद म्हणायचे, आता मुक्ताईनगर. तिथून जवळच, तापीकाठी मेहूणला, १२९७ मध्ये वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. आई हे सांगायची ते जोंधळा पाखडता पाखडता. वीज कुठल्या बाजूने आली, तेव्हा नदीला पाणी किती होतं, कोण शेतातून बघत होतं. बघणाऱ्यात तिच्या आजीची पणजी होती असंही ती सांगायची. सातशे वर्षांचा हिशोब तिने कधी केला नाही. मी कॉलेजात शिकत होते, वास्तववादी वाचत होते, आणि मला तिची लाज वाटायची. 'अंधश्रद्धा आहे ही,' असं मी तिला तोंडावर म्हटलंय. पुढे चाळिशीत मार्केसच्या त्या कादंबरीत रेमेदिओस नावाची मुलगी चादरींसकट वर जाते ते पान वाचलं आणि तशीच बसून राहिले. घरातली सून चादरी गेल्या म्हणून हळहळते! हे आईचंच सांगणं होतं. ती तेव्हा हयात नव्हती.

कोणी म्हणेल, संतांचे चमत्कार ही श्रद्धा, कादंबरी वेगळी. खरं आहे. चमत्कारकथा नमस्कार मागते, कादंबरी मागत नाही. पण माझ्या आईनेही मुक्ताईची गोष्ट सांगताना हात कधी जोडले नाहीत. ती पाखडत राहायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी लिंबायत-डिंडोलीतल्या खानदेशी घरांतून फिरून बघा. नारळाला डोळे आणि नथ लावलेली कानबाई बसलेली असते. बायका तिला माहेरी आलेल्या लेकीसारखं बोलतात, रोट भाऊबंदकीबाहेर जाऊ देत नाहीत, आणि सोमवारी तिला बोळवून मंगळवारी साड्यांचं धागा कटिंग करायला बसतात. यांना अद्भुत समजणार नाही असं म्हणणाऱ्याने यांच्याशी कधी बोलून पाहिलेलं नाही.

मराठीत हे भांडण नवं नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर आपण एक अख्खी पिढी खर्ची घातली. मग गावाचं लेखन अस्सल की शहराचं. प्रत्येक वेळी कोणीतरी दारात उभं राहून आत येणाऱ्याकडे वास्तवाचा दाखला मागतं. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'तल्या कथा कोणत्या दाखल्यावर आत घेतल्या असत्या?

राहिला पोटभरल्यांचा मुद्दा. १९२८ च्या डिसेंबरमध्ये कोलंबियातल्या सिएनागा इथे केळीमळ्यांच्या संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या घातल्या. किती मेले याचा आकडा कधी ठरलाच नाही. मार्केसच्या कादंबरीत त्यातून वाचलेला एकजण गावात परततो, तर तिथे कोणी मेलं होतं हे कोणी मानतच नाही. हे पोट भरलेल्यांचं लिखाण? आमच्याकडे मिठी खाडी भरली की पर्वत पाटियाच्या तळमजल्यांत पाणी शिरतं. ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहते. एका साली पाहणीला आलेल्या साहेबाने त्या रेघेसमोर उभं राहून विचारलं होतं, 'इथे पाणी आलं होतं का?' हे नुसतं जसंच्या तसं लिहून पुरेल असं मला वाटत नाही. टोनी मॉरिसनला 'बिलव्हेड'मध्ये मारलेली लेक परत घरात आणावी लागली, ती याचसाठी.

मला म्हणायचं आहे ते थोडकं आहे. दूरचं वाचलं म्हणून जवळचं दिसलं. आमच्या जिन्यात राजस्थानी कुटुंबं पुष्कळ, कापड बाजारात जाणारी. मी विजयदान देथांची 'दुविधा' वाचली. लग्न होताच नवरा पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो, आणि भूत त्याचं रूप घेऊन नवरीकडे येतं. शेजारच्या मारवाडी काकींना मी ती सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि पुढची गोष्ट स्वतः सांगितली. त्यांचे यजमान तेव्हा कलकत्त्याला होते. सात वर्षं आम्ही एकाच मजल्यावर राहिलो, पण त्या दुपारपर्यंत आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडे गेलं नव्हतं.

त्या गृहस्थांचा मी मान राखते, म्हणून इथे नाव घेत नाही. त्यांनी पुढच्या बैठकीला यावं. माझ्याकडची 'दुविधा'ची हिंदी प्रत सध्या काकींच्या सुनेकडे आहे. ती वाचून झाली की त्यांना देईन. आणि येताना त्यांनी आपल्या आईने सांगितलेली एक गोष्ट, काहीही न वगळता, आमच्यासाठी आणावी.